तिपेडी पीळ आणि मद्रासचा नकाशा

कमावण्यासाठी कुंडात भिजत घातलेले कातडे, सुताराच्या भांड्यात उकळणारा सरस, टाचेच्या वर हाताला लागणारी ताठ कंडरा आणि हाड ठिसूळ होऊ न देणारा त्याच्या आतला चिवट भाग, ह्या चारही ठिकाणी मूळ द्रव्य एकच आहे. पाश्चात्त्यांनी त्याला नाव दिले तेही सरसावरूनच. कोलाजेन म्हणजे सरस उत्पन्न करणारे. आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे चौथा हिस्सा ह्या एका प्रथिनाचा असतो. इतके सर्वत्र पसरलेले, इतक्या जुन्या धंद्यांचा आधार असलेले हे द्रव्य. परंतु त्याचा रेणू आतून कसा बांधला आहे हे १९५२ साली जगात कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर मद्रासेत निघाले (आज त्या शहराला आपण चेन्नई म्हणतो), आणि उत्तर निघाल्यावर जो वाद पेटला त्या वादातून प्रथिनविज्ञानाला एक कायमचा नियम मिळाला. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः त्या वादाचीच हकीकत सांगणार आहोत. प्रा. गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन ह्यांचे चरित्र त्यात ओघाने जेवढे येईल तेवढेच.

रामचंद्रन ह्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुळम येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे आकड्यांशी मैत्री घरातच झालेली. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून १९४२ साली पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले, ते मात्र विद्युत् अभियांत्रिकी शिकण्यासाठी. तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांची दृष्टी त्यांच्यावर पडली. हा मुलगा तुमच्या विभागाच्या मानाने थोडा जास्तच हुशार आहे, तेव्हा तो आता माझ्याकडे, अशा आशयाचे काहीतरी रामन ह्यांनी अभियांत्रिकीच्या प्रमुखांना सुनावल्याची आख्यायिका आहे. रामन ह्यांचा स्वभाव ज्यांना ऐकून ठाऊक आहे त्यांना ती खोटी वाटणार नाही. पुढे १९४७ ते १९४९ ही वर्षे केंब्रिजला वूस्टर ह्यांच्या हाताखाली स्फटिकांवरील क्ष-किरणांच्या अभ्यासात गेली. तेथेच लायनस पॉलिंग ह्यांना ऐकण्याचा योग आला. डॉक्टरेट घेऊन ते बंगलोरला परतले. येथवर जीवरसायनाचा कोठे मागमूसही नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. प्रथिनांच्या रचनेत ज्यांचे नाव पुढे अजरामर व्हायचे होते, ते गृहस्थ मूळचे पदार्थविज्ञानाचे होते.

१९५२ साली मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांना पदार्थविज्ञानाचा नवा विभाग उभा करावयाचा होता. त्यांनी आधी रामन ह्यांना विचारले. रामन ह्यांनी स्वतः नकार देऊन आपल्या शिष्याचे नाव सुचविले. अशा रीतीने वयाच्या तिसाव्या वर्षी रामचंद्रन प्राध्यापक आणि विभागप्रमुख होऊन गिंडीच्या आवारात दाखल झाले. नव्या ठिकाणी हुकूम घेऊन पोहोचावे, पद मोठे असावे, आणि कचेरी मात्र आपणच उभारावयाची असावी, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या गाठीला असेल. येथेही प्रकार तसाच होता. बंगलोरची सिद्ध प्रयोगशाळा मागे राहिली होती. क्ष-किरणांची सामग्री जमवावयाची, विद्यार्थी तयार करावयाचे, आणि तत्पूर्वी, कोणता प्रश्न हाती घ्यावा हेही ठरवावयाचे होते.

तो प्रश्न एका पाहुण्याने सुचविला. इंग्लंडचे प्रसिद्ध स्फटिकशास्त्रज्ञ बर्नाल त्याच वर्षी मद्रासला आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले की कोलाजेनची रचना अद्याप कोणाला समाधानकारकपणे उलगडलेली नाही. पॉलिंग आणि कोरी ह्यांनी १९५१ साली प्रथिनांच्या रचनांविषयी जी निबंधमाला प्रसिद्ध केली तिच्यातील आल्फा मळसूत्राची कल्पना अचूक ठरली. कोलाजेनसाठी त्यांनी सुचविलेली रचना मात्र प्रयोगांशी जुळली नाही. म्हणजे ज्या ठिकाणी पॉलिंग ह्यांच्यासारख्या धुरंधराचा नेम चुकला, त्या ठिकाणी नवशिक्या प्रयोगशाळेने हात घालावयाचा होता. सुदैवाची गोष्ट एवढीच की मद्रासेतच केंद्रीय चर्म संशोधन संस्था उभी राहत होती, आणि कातडे म्हणजे कोलाजेनच. पदार्थाची वाण नव्हती. तथापि क्ष-किरणांचे चांगले चित्र मिळण्यासाठी धागे एकाच दिशेने नीट लागलेला नमुना हवा असतो, आणि तसा उत्तम नमुना ठरला तो कांगारूच्या शेपटीतील कंडरेचा. ऑस्ट्रेलियातील जनावराच्या शेपटीवरून माणसाच्या हाडाकातड्याचे गुपित मद्रासेत उलगडावे, हा योग मोठा गमतीचा आहे.

ह्या कामात रामचंद्रन ह्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था हे होते. दोघांच्या हाती पुरावा काय होता? पहिला पुरावा क्ष-किरणांच्या चित्राचा. त्यावरून साखळीतील एकामागून एक येणारे दुवे अक्षाच्या दिशेने सुमारे २.९ अँगस्ट्रॉम अंतरावर आहेत एवढे कळत होते. (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) दुसरा पुरावा रसायनशास्त्राचा. कोणतेही प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते. कोलाजेनच्या माळेचे पृथक्करण केले तर तिच्यातील जवळजवळ नेमका तिसरा हिस्सा मणी ग्लायसीन ह्या एकाच आम्लाचे निघत. मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत हे त्या वेळी ठाऊक नव्हते, केवळ प्रमाण ठाऊक होते. ग्लायसीन हे सर्व अमिनो आम्लांत लहान. इतरांना असते तशी बाजूची फांदी त्याला नाही, फांदीच्या जागी नुसता हायड्रोजनचा एक अणू आहे. आता तिसरा हिस्सा हा आकडा योगायोगाने येत नाही, तेव्हा दर तिसरा मणी ग्लायसीनच असला पाहिजे. आणि तसे असेल तर त्या ठिकाणी दुसऱ्या कोणालाही मावण्यास जागाच नसली पाहिजे. ह्या तर्काची ताकद आम्हाला विलक्षण वाटते. चित्रात जे दिसत नव्हते ते त्यांनी अडचणीच्या जागेवरून ओळखले.

त्यांनी तारा आणि गोळे जोडून प्रतिकृती बांधली. तीन साखळ्या शेजारी शेजारी उभ्या. प्रत्येक साखळी आपल्यापुरती मळसूत्रासारखी वळलेली, एका वेढ्यात तीन मणी. आणि तिघींच्या मधोमध जी चिंचोळी पोकळी राहते तिच्याकडे प्रत्येकीचा ग्लायसीन तोंड करून बसलेला. ऑगस्ट १९५४ मध्ये ‘नेचर’ ह्या इंग्लंडच्या साप्ताहिकात ही रचना दोन पानांत प्रसिद्ध झाली.

परंतु चित्राशी बारकाईने ताडून पाहता वेढ्यात बरोबर तीन मणी बसत नव्हते. हिशेब तीन वेढ्यांत दहा मण्यांचा येत होता. ही अपूर्णांकाची पीडा साधी नाही. दहा मण्यांत तीन वेढे म्हणजे एका मण्यामागे १०८ अंशांचे वळण. तीन मणी झाले की ३२४ अंश होतात, पुऱ्या वेढ्याला ३६ अंश कमी. याचा अर्थ प्रत्येक ग्लायसीन आपल्या आधीच्या ग्लायसीनपेक्षा ३६ अंशांनी बाजूला सरकणार, आणि थोड्याच अंतरावर तो मधल्या पोकळीकडे पाठ करून बाहेर तोंड काढणार. मग दर तिसऱ्या ग्लायसीनचा सारा डौल फुकट! ह्या कोड्याचे उत्तर रामचंद्रन ह्यांना चंद्राने दिले असे ते सांगत. चंद्र स्वतःभोवती फिरतो आणि पृथ्वीभोवतीही फिरतो, पण पृथ्वीला तो सदैव एकच बाजू दाखवितो. त्याचप्रमाणे प्रत्येक साखळी स्वतःभोवती वळत असताना तिन्ही साखळ्यांनी एका समाईक अक्षाभोवतीही सावकाश पीळ घ्यावा; म्हणजे ग्लायसीन जितका बाहेर सरकेल तितकीच साखळी त्याला फिरवून पुन्हा आत आणील. साखळीचे स्वतःचे वळण डावे, तिघींचा मिळून पीळ उजवा. आपल्याकडे दोर वळणाऱ्याला हे निराळे शिकवावे लागत नाही. पेडाला एका बाजूने पीळ देऊन तीन पेड एकत्र वळताना तो दुसऱ्या बाजूने वळतो, म्हणूनच दोर उकलत नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये ही सुधारलेली तिपेडी रचना ‘नेचर’मध्येच छापून आली.

दोन महिन्यांच्या आत केंब्रिजहून उत्तर आले. अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक ह्यांनी नोव्हेंबरात आपली रचना प्रसिद्ध केली. क्रिक म्हणजे १९५३ साली वॉटसनबरोबर डी. एन. ए.चे दुपेडी मळसूत्र मांडणारे तेच. तीन साखळ्या, समाईक पीळ, दर तिसरा ग्लायसीन हा मद्रासचा सांगाडा त्यांनी मान्य केला. परंतु दोन आक्षेप घेतले. मद्रासच्या रचनेत दर तीन मण्यांमागे साखळ्यांना जोडणारे दोन हायड्रोजन बंध होते, ते म्हणाले की बंध एकच असू शकतो. दुसरा आक्षेप अधिक झोंबणारा होता. मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत की रसायनशास्त्राला ते मानवण्यासारखे नाही. भांडण अँगस्ट्रॉमच्या काही दशांशांचे. पण त्या दशांशांवर मद्रासच्या प्रयोगशाळेची पत अवलंबून होती. पुढे बरीच वर्षे कोलाजेनच्या रचनेचा उल्लेख करताना रिच आणि क्रिक ह्यांची नावे आधी आणि मद्रासचे नाव नंतर, क्वचित मुळीच नाही, असा प्रकार अनेकदा घडला. दूरच्या ठिकाणी बसून काम करणाऱ्याच्या वाट्याला हे येतेच, असे म्हणून सोडून देता येईल. आम्हाला ते अन्याय्य वाटते, आणि तसे स्पष्ट लिहिण्यास हरकत नसावी.

मात्र न्याय दोन्ही बाजूंना केला पाहिजे. एका बंधाच्या प्रश्नावर रिच आणि क्रिक बरोबर होते. पुढे १९६८ साली रामचंद्रन आणि चंद्रशेखरन ह्यांनी असे सुचविले की दुसरा दुवा सरळ नसून मध्ये पाण्याचा रेणू घेऊन जोडलेला असावा. १९९४ साली अमेरिकेत बेला, ब्रॉडस्की, बर्मन आदी संशोधकांनी कोलाजेनसारख्या एका कृत्रिम छोट्या माळेचा स्फटिक तयार करून तिची रचना प्रत्यक्ष पाहिली. तेव्हा सरळ बंध एकच आढळला. पण साखळ्यांना पाण्याच्या रेणूंनी चहूकडून बांधून टाकल्याचेही दिसले. ह्या माळेत त्यांनी मुद्दाम एका ठिकाणी ग्लायसीन काढून अलानीन हे आम्ल घातले होते. अलानीनला एक लहानशी फांदी असते, बस्स एवढाच फरक. त्या ठिकाणी मधली जागा अपुरी पडून पेड सैलावले होते आणि सरळ बंधाच्या जागी पाणी शिरले होते. प्रयोगशाळेबाहेर ह्याच फरकाची किंमत फार मोठी पडते. माणसाच्या कोलाजेनच्या साखळीत सुमारे एक हजार मणी असतात. त्यांतला एखादाच ग्लायसीन जन्मतः बदललेला असला तर काही मुलांची हाडे उचलतानासुद्धा मोडतात. आणि बदल वाईट जागी असेल तर मूल जगतही नाही. त्या चिंचोळ्या पोकळीत दुसऱ्याला जागा नाही, हा १९५४ सालचा तर्क किती अक्षरशः खरा होता, याचा दाखला म्हणून आम्ही ही दुःखद गोष्ट सांगितली.

आता दुसरा आक्षेप, अणूंच्या सलगीचा. रामचंद्रन ह्यांनी त्याला चिडून उत्तर दिले असते तर वाद दोन-चार पत्रांत संपला असता. त्यांनी उलट एक साधा प्रश्न विचारला: अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात हे ठरविले कोणी? तोवर प्रसिद्ध झालेल्या स्फटिकांच्या रचना काढून विश्वनाथन शशिशेखरन ह्यांनी एकेका अणुजोडीची अंतरे तपासावयास घेतली. आढळून असे आले की निसर्ग त्या काळच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक उदार आहे. पुस्तकांनी निषिद्ध मानलेली सलगी खऱ्या स्फटिकांत राजरोस चालते. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या कोलाजेनविषयक ग्रंथात त्यांनी हे निकष मांडले. प्रत्येक जोडीला दोन मर्यादा ठरल्या, एक सर्वसाधारण आणि दुसरी टोकाची. उदाहरणार्थ दोन कार्बन अणूंनी सर्वसाधारणपणे ३.२० अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ येऊ नये, फार तर ३.०० पर्यंत यावे. दोन हायड्रोजन अणूंनी २.० पेक्षा, फार तर १.९ पर्यंत.

वकिलाने आपला खटला लढविण्यासाठी कायद्याचे पुस्तक उघडावे आणि त्यात कायदाच अर्धवट लिहिलेला पाहून तो स्वतःच पुरा करावयास बसावे, तसे हे झाले. कोलाजेनचा खटला बाजूला राहिला. मर्यादा हाती आल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला: ह्या मर्यादा पाळून प्रथिनाची कोणतीही साखळी मुळात किती प्रकारांनी वळू शकते?

येथे पॉलिंग आणि कोरी ह्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. दोन मण्यांना जोडणारा जो दुवा असतो तो लवचिक नसून पत्त्याच्या पानासारखा सपाट आणि ताठ असतो, हे त्यांनी दाखविले होते. म्हणजे साखळी ही पत्त्यांची माळ झाली. प्रत्येक दोन पत्त्यांच्या सांध्यावर एक कार्बन अणू, आणि त्या सांध्याच्या दोन बाजूंना एकेक बिजागरी. एका बिजागरीच्या वळणाचा कोन फाय, दुसरीचा साय. मण्यामागे हे दोन आकडे सांगितले की साखळीचा सारा आकार सांगून झाला. दोन आकडे म्हणजे कागदावरचा एक बिंदू: आडवा फाय, उभा साय. आता प्रत्येक बिंदूसाठी आजूबाजूच्या सर्व अणूंची परस्पर अंतरे काढावयाची, आणि मर्यादा मोडली तर तो बिंदू बाद करावयाचा. हे सारे गणित सी. रामकृष्णन ह्या तरुण विद्यार्थ्याने टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रावर केले. संगणक हाताशी नव्हता. अशी कामे करणाऱ्यांची नावे बहुधा शेवटी आभारांत येतात. ह्या ठिकाणी ती लेखकांत आली, ही रामचंद्रन ह्यांच्या विभागाची रीत आम्हाला आवडते.

१९६३ साली ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’मध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन ह्यांच्या नावाने पाच पानांचे टिपण प्रसिद्ध झाले. त्यातील नकाशा पाहिला तर पहिल्याच दृष्टीत जाणवते ती रिकामी जागा. ग्लायसीन सोडून इतर मण्यांना नकाशाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग निषिद्ध आहे. टोकाच्या मर्यादा दिल्या तरीही. मोकळी राहतात ती दोन-तीन बेटे. त्यांपैकी एकावर पॉलिंग ह्यांचे आल्फा मळसूत्र बसते. दुसऱ्यावर रेशमासारख्या प्रथिनांतील ताणलेल्या साखळ्या आणि कोलाजेनचे पेडही. ज्या सलगीबद्दल मद्रासला दोष दिला गेला होता तिचा निवाडा ह्या नकाशात होता. पण तोपर्यंत नकाशा इतका मोठा झाला होता की मूळ तक्रारीची आठवण फारशी कोणाला राहिली नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कर्था अमेरिकेत बफेलोला गेले आणि १९६७ साली रायबोन्यूक्लिएज ह्या प्रथिनाची रचना बेलो आणि हार्कर ह्यांच्याबरोबर त्यांनी उलगडली. रामचंद्रन ह्यांनी १९७० साली मद्रास सोडले आणि बंगलोरच्या विज्ञान संस्थेत रेणवीय जीवभौतिकीचा विभाग स्थापन केला. १९७१ साली लक्ष्मीनारायणन ह्यांच्याबरोबर त्यांनी क्ष-किरणांच्या अनेक छायांवरून वस्तूचा आतला छेद गणिताने काढण्याची जी रीत दिली, तिची ओळख सी. टी. स्कॅनच्या गणितात आजही पटते. १९७७ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. उतारवयात त्यांनी जैनांच्या स्याद्वादावरून नाव घेऊन तर्कशास्त्राची एक गणिती पद्धत रचली. जीवशास्त्रज्ञांना ती परकी वाटली आणि तत्त्वज्ञांना अवघड. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

बंगलोरच्या त्या विभागाचा एक धागा आपल्याकडेही येतो. डॉ. अशोक कोळसकर ह्यांनी तेथे रामचंद्रन ह्यांच्यासमवेत साखळीच्या वळणांवर काम केले, आणि नंतर पुणे विद्यापीठात राहून १९९० साली टोणगावकर ह्यांच्यासह प्रथिनाच्या नुसत्या मण्यांच्या क्रमावरून त्याचे कोणते भाग शरीराच्या प्रतिकारशक्तीला जाणवतील हे वर्तविण्याची रीत प्रसिद्ध केली. लशींच्या संशोधनात ती आजही वापरतात. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून शिकून गेलेले पद्मनाभन बलराम त्याच बंगलोरच्या विभागात होते. त्यांनी वेगळीच युक्ती केली. ज्याच्या सांध्यावर दोन फांद्या आहेत असे एक आम्ल त्यांनी माळेत ओवले. दोन फांद्यांमुळे त्या मण्याला नकाशावर हालचालीस फारच थोडी जागा उरते, आणि म्हणून हव्या त्या आकाराच्या माळा बेतून बनविता येतात. नकाशातील निषेध त्यांनी असा कामाला लावला.

१९७१ साली प्रथिनांच्या रचना साठविण्यासाठी जी जागतिक पेढी स्थापन झाली तिच्यात आता दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. गेल्या काही वर्षांत यंत्रबुद्धीने वर्तविलेल्या रचनांची तर गणतीच नाही. त्या कामासाठी २०२४ सालचे नोबेल पारितोषिकही देण्यात आले. नोंद प्रयोगाने मिळालेली असो की वर्तविलेली, तिचा प्रत्येक मणी आजही रामचंद्रन ह्यांच्या नकाशावर मांडून पाहतात. एखादा बिंदू निषिद्ध भागात पडला की संशोधकाला आपली मूळ क्ष-किरण चित्रे पुन्हा काढून त्या जागेचा खुलासा करावा लागतो. ग्लायसीनचा नकाशा तेवढा वेगळा छापतात.